बर्फाच्या उतारावर पुन्हा



या सदरातून आपण एरवी ठेवी, विमा, नामनिर्देशन, कर्जफेड अशा विषयांवर बोलतो. गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांत मात्र एक वेगळाच प्रश्न तीन-चार वेळा डोकावला. घरातील मुलीला वा सुनेला आमवाताचे निदान झाले आहे, औषधांचा खर्च मोठा आहे, विम्याचे कसे करावे, अशी पत्राची सुरुवात. आणि शेवटी, ‘आता तिने काय काय सोडून द्यावे?’ खर्चाविषयी आणि विम्याविषयी याच लेखात पुढे लिहिले आहे. परंतु त्या शेवटच्या ओळीने मला अधिक विचारात पाडले. काय सोडावे हे सर्वांनी विचारले. काय पुन्हा सुरू करता येईल हे एकानेही विचारले नाही.

त्या न विचारलेल्या प्रश्नाचे एक उत्तर माझ्या घरातच आहे. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी गेली अठरा वर्षे कॅनडात, व्हँकुव्हर शहराजवळ राहते. व्यवसायाने ती लेखापाल आहे. एकोणचाळिसाव्या वर्षी तिला आमवात झाला. दोन हिवाळे घरात बसून काढल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात ती पुन्हा बर्फावर स्कीइंग करू लागली, आणि आज पंचेचाळिसाव्या वर्षीही करते. तिच्या परवानगीने, नाव न घेता, ही हकीकत सांगते. तीत धाडस थोडे आणि हिशेब पुष्कळ आहे, म्हणून ती या सदरात शोभेल असे वाटते.

प्रथम रोगाविषयी, कारण गोंधळ नावापासूनच आहे. गुडघे दुखू लागले की आपण सरसकट ‘संधिवात’ म्हणून मोकळे होतो. उतारवयात सांध्यांतील कूर्चा झिजून होतो तो ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला मराठीत बहुधा आमवात म्हणतात, त्याचे मूळ निराळे आहे. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा बाहेरच्या जंतूंवर धावून जायचे सोडून स्वतःच्याच सांध्यांच्या आतील अस्तरावर चाल करते. अस्तर सुजते, जाड होते, आणि वेळीच आवर घातला नाही तर कूर्चा व हाड कुरतडू लागते. बोटांचे, मनगटांचे आणि पावलांचे लहान सांधे बहुधा दोन्ही बाजूंना सारखेच धरतात. सकाळी उठल्यावर अर्धा तास, तासभर, कधी त्याहूनही अधिक वेळ हात-पाय आखडलेले राहतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा रोग दोन ते तीन पट अधिक आढळतो आणि बहुधा ऐन कर्त्या वयात, तिशी ते साठीच्या दरम्यान सुरू होतो.

भाचीला पहिली चाहूल लागली ती डब्याचे झाकण उघडेना तेव्हा. पुढे काही आठवड्यांत चालताना चवड्यांखाली खडे ठेवल्यासारखे टोचू लागले. रक्ततपासणीत अँटी-सीसीपी ही प्रतिपिंडे वाढलेली निघाली, सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी हे आकडेही चढलेले होते. सांधेविकारतज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट सुरू केले, सोबत काही आठवडे थोड्या मात्रेत स्टिरॉइड दिले. वर्षभराने बोटांची सूज पुरती उतरेना, तेव्हा क्षयरोगाची तपासणी करून एटानरसेप्ट हे जैविक औषध दिले. ते दर आठवड्याला त्वचेखाली टोचून घ्यायचे असते.

आता त्या खेळाविषयी. गुलमर्ग किंवा औलीला गेलेल्या वाचकांनी स्कीइंग पाहिले असेल. दोन्ही पायांना कडक बूट, बुटांना जोडलेल्या दोन लांब अरुंद पट्ट्या, हातांत दोन काठ्या, आणि बर्फाच्या उतारावरून वळणे घेत खाली येणे. व्हँकुव्हरच्या उत्तरेला ग्राउस, सायप्रस आणि सीमोर हे तीन डोंगर शहराला इतके लागून आहेत की लोक कार्यालय सुटल्यावर दिव्यांच्या उजेडात स्कीइंग करून रात्री घरी जेवायला येतात. २०१० च्या हिवाळी ऑलिम्पिकमधील काही स्पर्धा याच सायप्रसवर झाल्या होत्या.

बार्शीच्या भुसार व्यापाऱ्याच्या घरातली ही मुलगी. लग्न होऊन परदेशी जाईपर्यंत तिने बर्फ पाहिला तो सरबताच्या पेल्यात. पहिले दोन हिवाळे तिला पाऊस, अंधार आणि एकटेपणा यांपलीकडे काही दिसले नव्हते. कार्यालयातील मैत्रिणींनी तिला सायप्रसवर नेले, ती पडत-झडत शिकली, आणि तो परका देश तिला तिथे पहिल्यांदा आपला वाटला. पुढे दोन्ही मुलेही तिच्या मागोमाग शिकली. त्यामुळे आमवाताने हात धरले तेव्हा तिच्याकडून एक खेळ गेला एवढ्यावर ते थांबले नाही. मुले वर जात आणि ती खाली उपाहारगृहात त्यांचे कोट सांभाळत बसे. धाकटी एकदा शेजारणीला सहज म्हणाली, “आईला बरं नसतं, ती फक्त बसते.” भाची मला म्हणाली, “मावशी, बोटं दुखली त्यापेक्षा ते वाक्य जास्त दुखलं.”

ताईचे म्हणणे सरळ होते. “औषध लागू पडलंय ना? मग घरी नीट बसावं. त्या डोंगरावर पडली, हाड मोडलं, तर तिथे बघणार कोण?” आईची ही काळजी उडवून लावण्यासारखी नव्हती. स्टिरॉइडने हाडे विरळ होतात आणि आमवातानेही होतात. स्कीइंगमध्ये गुडघ्याच्या दोऱ्या तुटतात, काठी हातात असताना पडल्यास अंगठ्याची दोरी दुखावते. ज्या रोगात हात आणि गुडघे आधीच नाजूक झालेले असतात, त्यात हा खेळ सुचणे हेच बहुतेकांना विपरीत वाटेल.

शिवाय ताईचा सल्ला हा एके काळी वैद्यकशास्त्राचाच सल्ला होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आमवाताच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे बिछान्यात ठेवत, सांधे पट्ट्यांनी जखडत. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली ती स्त्री काही दिवसांत चालू लागली. त्या संशोधनाला १९५० चे नोबेल मिळाले. पण पुढे त्या औषधाचे दुष्परिणामही तितकेच ठळकपणे दिसले. मेथोट्रेक्सेट हे मुळात कर्करोगावरचे औषध. अल्प मात्रेत आमवातासाठी वापरण्यास अमेरिकेच्या औषध नियामकाने १९८८ मध्ये मान्यता दिली. एटानरसेप्टला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. या औषधांनी सांध्यांची नासाडी थोपवता येऊ लागली, तेव्हा विश्रांतीच्या जुन्या नियमाचाही फेरविचार झाला. नेदरलँड्समध्ये सुमारे तीनशे रुग्णांवर दोन वर्षे एक अभ्यास झाला व २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यातील अर्ध्यांनी आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी सव्वा तास, चांगला दमछाक करणारा व्यायाम केला. त्यांची रोजची कामे करण्याची क्षमता सुधारली आणि मोठ्या सांध्यांची हानी एकंदरीत वाढली नाही. मात्र ज्यांचे मोठे सांधे आधीच बरेच बिघडलेले होते, त्यांच्याबाबत संशोधकांनी सावधगिरीचा इशारा दिला. हा इशारा लक्षात ठेवावा, कारण भाचीचा पुढचा सारा निर्णय त्यावर उभा आहे.

तिच्याच प्रांतातले एक ठळक उदाहरण तिच्या डोळ्यांसमोर होते. ब्रिटिश कोलंबियाची स्नोबोर्डपटू स्पेन्सर ओब्रायन २०१३ च्या आरंभी स्लोपस्टाइल प्रकारात जगज्जेती झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तिला आमवाताचे निदान झाले. अवघ्या तीन महिन्यांवर सोचीचे ऑलिम्पिक होते. ती तिथे उतरली आणि बारावी आली. पुढे २०१६ मध्ये अॅस्पेन येथील एक्स गेम्समध्ये तिने त्याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले. ही माहिती मी ताईला मोठ्या उत्साहाने कळवली. भाचीने मात्र मला थांबवले. “मावशी, ती पंचविशीची खेळाडू होती आणि शरीर हाच तिचा व्यवसाय होता. मी दिवसाचे आठ तास खुर्चीत बसणारी बाई. तिच्याकडून एवढंच घेते, की निदान म्हणजे शेवट नव्हे. बाकीचं माझं मला बघावं लागेल.”

बँकेत थकीत खात्याच्या कर्जाची पुनर्रचना करायची तर अधिकारी आधी कागद मागतो: सध्याची उलाढाल किती, तारण काय, गेल्या दोन वर्षांची ताळेबंदे कुठे आहेत. भाचीच्या डॉक्टरांनी तेच केले. त्यांनी ‘हो’ म्हटले नाही आणि ‘नाही’ही म्हटले नाही, तीन गोष्टी मागितल्या. पहिली, रोग किमान सहा महिने शांत असावा, म्हणजे सूज नाही आणि रक्ताचे आकडे ताब्यात. दुसरी, हात, पाय, गुडघे आणि मान यांची क्ष-किरण तपासणी. मानेचे कारण आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. आमवात जुना झाला की काहींच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधील बंध सैल होतो. अशा माणसाला जोराचा हिसका बसला तर मज्जारज्जूला धोका पोहोचतो. तिसरी, हाडांच्या घनतेची तपासणी. भाचीच्या पायांच्या लहान सांध्यांत थोडी झीज आढळली; गुडघे, मान आणि हाडे ठीक निघाली. मग डॉक्टर म्हणाले, आता फिजिओथेरपिस्टकडे जा आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत तयारी कर.

एप्रिल ते डिसेंबर असे आठ महिने तिने तयारी केली. भिंतीला पाठ टेकवून अर्धे बसणे, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणे, एका पायावर तोल सांभाळणे, स्थिर सायकल, आणि बोटांसाठी मऊ लगदा दाबण्याचा व्यायाम. मांडीचे व नितंबाचे स्नायू बळकट असले की वळण घेताना गुडघ्यावरचा भार ते उचलतात. फिजिओथेरपिस्टने तिला एक नियम दिला: व्यायामानंतरचे जास्तीचे दुखणे दोन तासांहून अधिक टिकले, तर पुढच्या वेळी मात्रा कमी करायची. आणि त्यासाठी एक वही ठेवायला सांगितली. लेखापाल बाईला वही ठेवायला सांगणे म्हणजे माशाला पोहायला सांगणे! डाव्या बाजूला त्या दिवशी काय केले, उजव्या बाजूला रात्रीची झोप, दुसऱ्या दिवशी सकाळी हात किती मिनिटांनी मोकळे झाले, दुखणे किती वेळ टिकले. ती वही आज पाचवी चालू आहे.

साहित्यातही फेरफार झाला. स्कीइंगचे बूट प्लास्टिकचे, दगडासारखे ताठ असतात आणि चवड्याच्या सुजऱ्या सांध्यांना ते मुळीच सोसत नाहीत. दुकानातील जाणकाराने तिच्या पावलाचा आधार मापाने करून घेतला आणि बुटाचे कवच गरम करून दुखऱ्या सांध्याच्या जागी बाहेर फुगवले. पुढच्या बाजूच्या चार बकली आवळायला बोटांत जोर लागतो, म्हणून तिने मागून उघडणारा बूट घेतला. बोटांच्या हातमोज्यांऐवजी सर्व बोटे एकत्र राहतील असे जाड मोजे, कारण त्यांत ऊब टिकते. काठीचा पट्टा मनगटात अडकवायचा नाही, म्हणजे पडताना काठी सुटून जाते आणि अंगठा वाचतो. बूट पट्टीला ज्या खटक्याने जोडलेला असतो त्याला बाइंडिंग म्हणतात. पडल्यावर तो सुटला नाही तर पाय पिळवटतो. तो किती जोराला सुटावा याचा आकडा माणसाचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीइंगची पद्धत यांवरून ठरवतात. स्टिरॉइडने वजन बदलले होते, म्हणून तो आकडाही तिने नव्याने लावून घेतला.

आणि उतार? तेथे सोप्या उतारांना हिरवे वर्तुळ, मध्यमांना निळा चौकोन आणि अवघडांना काळा चौकट अशी खूण असते. आजारापूर्वी भाची काळ्या उतारांवर जात असे. पुनरागमनाच्या पहिल्या दिवशी तिने हिरव्या उतारावर तीन फेऱ्या मारल्या आणि घरी आली. समुद्राजवळच्या त्या डोंगरांवरचा बर्फ ओला आणि जड असतो. त्यात पट्टी रुतली की गुडघा पिळला जातो. म्हणून ती सकाळी, यंत्राने ताजा सपाट केलेला उतार निवडते. रात्री गोठून काचेसारखा झालेला बर्फ असेल तर चढतच नाही. उंचवट्यांचे उतार तिने कायमचे सोडले. काळ्या खुणेचे उतारही सोडले. “ते मी सोडलं,” असे ती म्हणते तेव्हा तिच्या आवाजात थोडी खंत असते, ती लपवत नाही.

सारे सुरळीत झाले असे मात्र कोणी समजू नये. दुसऱ्या हंगामात, फेब्रुवारीच्या सुट्टीत, मुलांच्या आग्रहाने ती लागोपाठ तीन दिवस डोंगरावर गेली. चौथ्या दिवशी मनगटे आणि घोटे सुजले. दहा दिवस तिला संगणकाच्या कळा दाबता येईनात आणि तिच्या कामात तर तो करविवरणांचा हंगाम! ताईने फोनवर म्हटले, “मी सांगत नव्हते?” जावईबापूही त्या वेळी सासूबाईंच्याच बाजूचे होते. घरात दोन दिवस अबोला राहिला. बूट विकून टाकावेत इथपर्यंत गोष्ट आली.

तिसऱ्या दिवशी भाचीने वही उघडली. त्या आठवड्याच्या उजव्या बाजूला दोन रात्रींची झोप अपुरी नोंदलेली होती. त्याआधी सर्दी-तापामुळे डॉक्टरांच्या सांगण्यावरून एटानरसेप्टची एक मात्रा पुढे ढकलली होती. अंगात संसर्ग असताना ते औषध थांबवावे लागते. म्हणजे औषध उणे, झोप उणी, आणि त्यावर तीन दिवसांचा सलग भार. मागच्या चाळीस-पंचेचाळीस नोंदींत एकेका दिवसाच्या स्कीइंगनंतर असे एकदाही झाले नव्हते. तिने ती पाने डॉक्टरांना दाखवली, नवऱ्याला दाखवली, आणि छायाचित्र काढून आईलाही पाठवली. नियमात दोन कलमे वाढली: लागोपाठ दोन दिवस जायचे नाही, औषधाची मात्रा चुकली असेल तर पुन्हा सुरू होऊन दोन आठवडे होईपर्यंत डोंगर बंद. बूट विकले गेले नाहीत. ताईने ती पाने कपाटात ठेवली आणि त्यानंतर ‘घरी बस’ हे शब्द तिच्या तोंडून गेले. त्यांच्या जागी ‘वहीत काय आहे?’ हा प्रश्न आला.

आता पत्रलेखकांनी विचारलेल्या पैशाच्या बाजूकडे वळते.

जैविक औषधे महाग आहेत हे खरे. परंतु मूळ औषधाचे एकाधिकार संपल्यावर त्याच धर्तीची ‘बायोसिमिलर’ औषधे निघतात आणि ती तुलनेने स्वस्त पडतात. अडॅलिमुमॅब या औषधाचे असे रूप भारतात झायडस कंपनीने २०१४ मध्येच आणले होते. तेव्हा डॉक्टरांना हा पर्याय अवश्य विचारावा. आपल्या अनेक आरोग्य विमा पॉलिसींत रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या औषधाचा खर्च मिळत नाही. पॉलिसीतील अटी निदानानंतर वाचण्यापेक्षा आज वाचलेल्या बऱ्या. पूर्वीपासून असलेल्या आजारासाठी विमा कंपनीला लावता येणारा प्रतीक्षाकाल एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार तीन वर्षांपेक्षा अधिक असू शकत नाही. मात्र आजार लपवून घेतलेली पॉलिसी ऐन दाव्याच्या वेळी उलटते. मुलीच्या लग्नाच्या वा सोयरिकीच्या विचाराने निदान दडवण्याची रीत काही घरांत आहे. ती विम्याच्या अर्जापर्यंत नेऊ नये.

परदेश प्रवासाच्या विम्यातही हेच. जुना आजार सांगावा लागतो, आणि स्कीइंगसारख्या हिवाळी खेळांचे संरक्षण बहुधा वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते. एटानरसेप्ट किंवा अडॅलिमुमॅब ही औषधे २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायची असतात आणि ती गोठून चालत नाहीत. म्हणून विमानात ती हातातील पिशवीतच न्यावीत, बर्फाच्या पिशवीला थेट चिकटवून ठेवू नयेत, आणि डोंगराळ गावी रात्री मोटारीत विसरू नयेत.

खर्चाचा आणखी एक बारकावा भाचीने मला शिकवला. तिथे पूर्ण हंगामाचा पास घेतला तर दर दिवसाचा खर्च बराच कमी पडतो. ती तरीही एकेका दिवसाचे, बहुतेकदा संध्याकाळचे तिकीट घेते. का, असे विचारल्यावर म्हणाली, “पास घेतला की पैसे वसूल करायला दुखऱ्या पायानेही जावंसं वाटतं. तिकीट घेतलं नसलं की परत फिरणं फुकट असतं.” बुडालेल्या रकमेच्या पाठीमागे आणखी रक्कम ओतणारे कर्जदार मी आयुष्यभर पाहिले. तोच मोह माणसाला आपल्या शरीराबाबतही होतो, हे तिच्या एका वाक्याने मला उमगले.

आपल्यापैकी कोणाला स्कीइंगला जायचे नसेल. कोणाला दुकानाच्या माळ्यावर पूर्वीसारखे चढायचे असेल, कोणाला गव्हाची कणीक स्वतः मळायची असेल, कोणाला नातवाला उचलून घ्यायचे असेल, कोणाला पुन्हा पेटी वाजवायची असेल. त्या प्रत्येक गोष्टीसाठी क्रम हाच आहे. आधी रोग शांत करणे, आणि त्यासाठी निदानानंतरचे पहिले महिने वाया न घालवणे. मग तपासण्या करून कोणता सांधा किती भार घेईल हे समजून घेणे. मग अनेक महिने स्नायूंची तयारी. मग साधनांत फेरफार. आणि अगदी थोड्यापासून सुरुवात. ज्यांचे गुडघे वा खुबे आधीच बरेच बिघडलेले असतील, त्यांनी जोराचा भार टाळून दुसरा मार्ग शोधावा. भाचीच्याच ओळखीच्या एका गृहस्थांनी उताराचे स्कीइंग सोडून सपाट बर्फावरचे, हलक्या बुटांचे स्कीइंग धरले आहे, कारण त्यात सांध्यांना हिसके कमी बसतात.

औषधाबाबत एक सूचना मी बजावून सांगते. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने जीवावर बेतते. घरातील एकाने कॅलेंडरवर तो वार लाल शाईने लिहून ठेवावा, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने रक्ताची व यकृताची तपासणी करावी. बरे वाटू लागले म्हणून कोणाच्या सांगण्यावरून औषध परस्पर बंद करू नये. भाचीचे स्कीइंग त्या साप्ताहिक गोळ्यांच्या आणि सुईच्या आधारावर उभे आहे, त्यांच्याऐवजी नाही.

कुटुंबासाठीही एक विनंती. आजारी माणसाला ‘सोडून दे’ म्हणणे फार सोपे असते आणि त्यात आपले प्रेमही असते. पण त्या दोन शब्दांनी आपली काळजी मिटते, त्याचे आयुष्य मात्र आक्रसते. ‘काही होत नाही, कर’ हा दुसऱ्या टोकाचा सल्लाही तितकाच आंधळा. ताईला भीती होती, भाचीला हट्ट होता. निर्णय दोघींनी मिळून घेतला तो नोंदींवरून. आपण व्यापारी घरांतील माणसे. रोजमेळ लिहिल्याशिवाय गल्ला बंद करीत नाही. घरातील आजारी व्यक्तीच्या शक्तीचाही रोजमेळ ठेवावा, तिने स्वतः ठेवावा, आणि काय सोडायचे व काय धरायचे हे ठरवण्याचा पहिला अधिकार तिचा मानावा.

गेल्या हिवाळ्यातील एका नोंदीची प्रत भाचीने मला पाठवली आहे. डावीकडे लिहिले आहे: निळा उतार, सहा फेऱ्या, धाकटीबरोबर. दुपारी एकला थांबले. आणखी एक फेरी जमली असती. उजवीकडे, दुसऱ्या दिवसाच्या तारखेखाली: झोप चांगली. हात वीस मिनिटांत मोकळे.